एम प्लस एस म्हणजे मुंबई–सावंतवाडी

टायर हा खाली वाकून बघायचा माल आहे. उभ्याने बघितलात तर सगळे काळे आणि सगळे गोल. गिऱ्हाईक गाडीतून उतरतं, मोबाइल कानाला, बुटाने टायरला एक लाथ हाणतं आणि मला विचारतं, "मावशी, अजून चालेल ना?" मी म्हणते, "लाथेने कळत असतं तर मी इथे कशाला बसले असते? वाका जरा." काही वाकतात. काहींचं पोट आड येतं. काहींना लाज वाटते की बाईमाणूस आपल्याला टायर दाखवतंय. मग मीच वाकते. गुडघे गेले ते त्यातच.

लालबागच्या नाक्यावर मी तीसेक वर्षं टायर विकतेय. त्याआधी गिरणीत होते, वाइंडिंग खात्यात. तिथे बॉबिनवरचा धागा शंकूच्या आकाराच्या कोनावर चढवायचं काम बायका करायच्या. संप झाला, लांबत गेला, आणि एके दिवशी लक्षात आलं की आपण ज्याची वाट बघतोय ते काही आता उघडणार नाही. आमचे हे लूमवर होते. ते घरी बसले ते बसलेच, जाईपर्यंत. कुणीतरी उठायला हवं होतं, म्हणून मी उठले. हमीदभाईंचं पंक्चरचं दुकान होतं. त्यांना ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायला माणूस हवा होता. मी गेले. पहिल्या आठवड्यात चाळीतल्या बायका गॅलरीतून ओरडायच्या, "शालन, हवा भरून देतेस का गं?" मी म्हणायचे, "तुमच्यात आधीच भरपूर आहे."

बुडबुड्यांवरून पुढे कधी गेले, ते कळलंही नाही. हमीदभाई टायरवर तळवा फिरवायला सांगायचे, आधी पुढे, मग मागे. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट्या बाजूने खरखरीत लागला की समजायचं चाकं तिरकी चालतायत, अलाइनमेंट गेली. मला ते पटकन जमलं. ज्या बोटांना धाग्यातली गाठ न बघता कळायची, त्यांना रबर काय अवघड? हमीदभाई म्हणायचे, "तुम्हारे हाथ में मशीन है." पुढे ते गावी गेले तेव्हा दुकान माझ्या हवाली करून गेले. पंक्चरबरोबर नवे टायर ठेवायला मी सुरुवात केली.

मग गाड्या वाढल्या. म्हणजे उंचीने वाढल्या. गिरण्यांच्या जागी मॉल आले, टॉवर आले आणि टॉवरच्या तळघरातून या उंच गाड्या बाहेर यायला लागल्या. एसयूव्ही म्हणतात त्या, आणि त्यांच्या जराशा ठेंगण्या बहिणी, क्रॉसओव्हर. आमच्या यादवने दोघींना एकच नाव ठेवलं होतं, "हाथीवाली". यादव आमचा फिटर, माझ्याच वयाचा, बिहारचा. या गाड्यांसाठी टायर मागायला लोक यायचे ते ऐकून आलेले शब्द घेऊन. त्यातला एक शब्द ऑल-सीझन. पाटी रंगवणाऱ्याला मी सांगितलं, मराठीत लिही, "बारमाही टायर मिळतील". पाटी झकास झाली. टॉवरमधल्या एक बाई येऊन विचारून गेल्या, "बारमाही म्हणजे बाराच महिने टिकतो का हो?"

आता ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. टायर रस्त्याला टेकतो तो फक्त तळहाताएवढा. चार चाकं, चार तळहात. दोन टनांची गाडी त्यावर धावते, वळते आणि थांबते. रस्ता ओला असला की टायर आणि डांबर यांच्यात पाणी येतं. ते पाणी खाचांतून बाहेर फेकलं गेलं पाहिजे. मोठ्या खाचा पाणी फेकतात. पण नुसत्या मोठ्या खाचांनी भागत नाही. ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या उरलेला ओलावा पुसून डांबर पकडतात. आणि रबर मऊ हवं. नख रुतवून बघा. नख घसरलं, तर टायरही घसरणार.

एक प्रकार असतो त्याला ऑल-टेरेन म्हणतात. मोठेमोठे ठोकळे, रुंद खाचा, बाजूवर पांढरी अक्षरं. दगडात, मातीत, चिखलात तो राजा आहे. मच्छीमार नगरातल्या हिराबाई त्यांच्या मुलाच्या जीपला तोच नेत. बंदरावरून जाळी, इंजिनं ओढायची, ओल्या वाळूतून. त्यांना दुसरा कुठलाही टायर देणं म्हणजे पाप. पण चकचकीत ओल्या डांबरावर त्या टायरचे मोठे ठोकळे हलतात, चिरा कमी, रबर कडक. गुळगुळीत फरशीवर खिळ्यांचे बूट घालून चालल्यासारखं. हे मला आज पाठ आहे. तेव्हा नव्हतं.

दुकानात दोन्ही टायरना आम्ही "ऑल" म्हणायचो. "यादव, ऑल काढ." आणि दोन्हींच्या बाजूवर इंग्रजीत एम, मध्ये अधिकचं चिन्ह आणि एस असं कोरलेलं असायचं. एम प्लस एस. मी सातवी शिकलेली, पण इंग्रजी अक्षरं मी टायरवरूनच गिरवली. रुंदी, उंची, रिमचा आकडा, शेवटचे चार आकडे म्हणजे कितव्या आठवड्यात आणि कुठल्या साली बनला, सगळं वाचायला शिकले. एम प्लस एस म्हणजे काय, ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या दुकानावर येणाऱ्या कोकणातल्या ड्रायव्हर लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, एम प्लस एस म्हणजे मुंबई–सावंतवाडी. ज्याच्यावर हे लिहिलंय तो टायर पावसाळ्यात गावापर्यंत नेऊन सोडणार. मीही हसून तेच सांगायला लागले. आधी गंमत म्हणून. मग गंमत आहे हे विसरून.

प्रकाशलाही मी हेच सांगितलं.

प्रकाश म्हणजे इंदूचा मुलगा. इंदू आणि मी वाइंडिंगला शेजारशेजारच्या मशीनवर होतो. ती मालवणची, भोईवाड्याला राहायची. डब्यातलं अर्धं मला द्यायची आणि वर ऐकवायची, "खा गो, तुमच्याकडे माशाक चव नाय." संपानंतर तिने घरोघर पोळ्या लाटून प्रकाशला वाढवला. त्याने जुनी सात सीटवाली गाडी घेतली आणि कोकणात पॅसेंजर न्यायला लागला. गणपतीच्या दिवसांत त्याची सगळ्या वर्षाची कमाई व्हायची. एका जून महिन्यात तो टायर बदलायला आला आणि म्हणाला, "मावशी, पावसाळ्यातला पाहिजे. एकदम बारमाही." मी यादवला म्हटलं, ऑल काढ. यादवने पांढऱ्या अक्षरांचा काढला. प्रकाश खूश, गाडी रुबाबदार दिसत होती. मी बोट ठेवून दाखवलं, "हे बघ, एम आणि एस. मुंबई–सावंतवाडी." तो हसला. चारी टायर मी स्वतः बसवून घेतले. हवाही मीच बघितली.

पंधरा दिवसांनी कशेडी घाटात, भर सकाळी, पुढचा टेम्पो थांबला. प्रकाशने ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी नाही थांबली. घसरत घसरत गटारात जाऊन कलंडली. सुदैव एवढंच की डोंगराच्या बाजूला गेली, दरीच्या बाजूला नाही. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतलं एक म्हातारं जोडपं मागे बसलं होतं. त्यातल्या आजींचं मनगट मोडलं. प्रकाशला खरचटलं फक्त. पण तो घरी आला आणि किल्ली खुंटीला लावून बसला.

दुसऱ्या दिवशी इंदू दुकानात आली. गिऱ्हाईक उभं होतं. तिने बघितलंही नाही.

"तू माझ्या झिलाक मारूक निघालंस काय गो?"

मी म्हटलं, "इंदू, बस. पाणी घे."

"पाणी नको तुझा. बारमाही म्हणे! तेना गाडी इकूची ठरवल्यान हा. मॉलात वॉचमन होतलो. ज्या गिरणीत आवशीन काम केला, थयच दारात उभो रवान लोकांका सलाम मारतलो. खूश?"

ती गेली. गिऱ्हाईकही गेलं. यादव पाना हातात धरून उभा होता. म्हणाला, "मौसी, गाड़ी फिसलती है बारिश में. अपनी क्या गलती?" मला त्याचं पटायला हवं होतं. घाटात पावसात गाड्या घसरतात, त्यात नवल नाही. पण प्रकाश पंधरा वर्षं तो घाट उतरत होता आणि माझ्या टायरवर पहिल्यांदा घसरला होता.

कंपनीचा एक सेल्समन महिन्यातून एकदा यायचा, टाय लावून. त्याला मी टायर दाखवला. "एम प्लस एस म्हणजे काय रे?"

"मड अँड स्नो, मॅडम. चिखल आणि बर्फ."

"बर्फ?"

"हो. थंड देशांसाठी असतं ते."

माझ्या मागे हिराबाई उभ्या होत्या, टायर घ्यायला आलेल्या. त्या मोठ्याने हसल्या. "बरफ आमच्या मासळीच्या पाटीत बघ की. रस्त्यावर कुठला?"

मला नाही हसू आलं. मी विचारलं, "मग ऑल-सीझनवर पण तेच, ऑल-टेरेनवर पण तेच?"

"बहुतेकदा दोन्हींवर असतं, मॅडम. त्यावरून ओल्या डांबराचं काही कळत नाही."

तीस वर्षं लोक म्हणत होते शालनताईंच्या हातात मशीन आहे. आणि मी गमतीच्या दोन अक्षरांवर बोट ठेवून पोराला घाटात पाठवलं होतं. नखही रुतवून बघितलं नव्हतं. त्या रात्री जेवले नाही असं वगैरे काही लिहीत नाही. जेवले. पण जेवताना ठरवलं की गणपतीला प्रकाश जाणार, आणि कुठल्या टायरवर जाणार ते मी या वेळी वाचून नाही, डोळ्यांनी बघून सांगणार.

भोईवाड्याला गेले. इंदूने दार उघडलं आणि आत निघून गेली. प्रकाश खाटेवर होता. मी म्हटलं, "रविवारी सकाळी गाडी घेऊन शिवडीला ये. गोदामांच्या मागच्या रस्त्यावर."

"मावशी, पत्रा ठोकून घेतलाय, गाडीला गिऱ्हाईक बघितलंय मी."

"विक. रविवारनंतर विक. चुकीचा टायर मी दिला, तुझा हात चुकला नाही. हे तुला दाखवल्याशिवाय मी मरणार नाही, आणि मला लवकर मरायचंय, गुडघे फार दुखतात."

आतून इंदूचा आवाज, "तो खय जाणार नाय!"

मी मोठ्याने म्हटलं, "मग तू पण ये. वर पोळ्या आण."

वाइंडिंगला सुताचा नंबर, म्हणजे धागा किती बारीक ते, ताडून बघायचा असेल तर लांबी सारखी घ्यायची, तराजू तोच घ्यायचा, मग बोलायचं. मी तेच केलं. गाडी तीच, माणूस तोच, रस्ता तोच, हवा मोजून सारखी. ब्रेक गॅरेजमध्ये आधी तपासून घेतले. बदलायचे ते फक्त टायर. प्रकार तीन, प्रत्येकाचे चार टायर; गाडीला नव्हते ते जुन्या रिमांवर चढवून टेम्पोत टाकले. एक तोच पांढऱ्या अक्षरांचा ऑल-टेरेन, गाडीला होताच. एक ऑल-सीझन, दिसायला अगदी सौम्य, चार सरळ खाचा आणि ठोकळ्यांवर भरपूर बारीक चिरा. तिसरा साधा रस्त्याचा टायर, नक्षी भरपूर, नवाकोरा दिसणारा, पण माझ्या गोदामात चार वर्षं पडून असलेला. तोही मी मुद्दाम घेतला. दुकानदार असा टायर पुसून पुढे ठेवतात. मीही ठेवला असेल.

यादवच्या ओळखीच्या टँकरवाल्याने फेरीतलं उरलेलं पाणी रस्त्यावर सोडलं. मी खडूने आडवी रेघ मारली. रेघेवर आलास की ब्रेक. काटा चाळीसवर. गाडी थांबेल तिथे कडेला खडूची खूण करून तिथपर्यंत मी पावलं मोजणार.

प्रकाश आला, इंदूही आली. ती लांब गोदामाच्या पायरीवर पदर डोक्यावर घेऊन बसली.

पहिली फेरी फुकट गेली. प्रकाश रेघेच्या आधीच हळूहळू वेग कमी करत आला. दुसरीही तशीच. तो ब्रेक दाबत नव्हता, कुरवाळत होता. मी काचेशी गेले. त्याचा चेहरा घामाने ओला. "मावशी, पाय जात नाय."

टायरचं ठीक, ते बदलता येतात. पायाचं काय करायचं? यादव मागून म्हणाला, "मैं चलाऊं?" मी म्हटलं नको. यादवने चालवून यादवला कळेल.

तेवढ्यात दार उघडल्याचा आवाज आला. इंदू पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. साडी आवरली, पट्टा लावला, पिशवी मांडीवर घेतली. मला म्हणाली, "तू बाजूक हो." आणि प्रकाशला, "चल. मी आसंय."

गाडी गेली, वळून आली. चाळीसवर. रेघ आली आणि बंद काचेतूनही आम्हाला ऐकू आलं, "मार ब्रेक, मेल्याऽऽ!"

त्याने मारला. चारी चाकं कचकन थांबली आणि गाडी, ऑल-टेरेनवर, शांतपणे पुढे घसरत गेली. बर्फ कसा असतो ते मी बघितलेलं नाही. असाच असणार. मी पावलं मोजली. दोनदा अजून केलं. तेच.

यादवने जॅक लावला, चारी चाकं बदलली. आता चार वर्षं पडलेला. नवाकोरा दिसणारा. तो ऑल-टेरेनच्याही पुढे एक पाऊल गेला. यादव माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला म्हटलं, "बघतोस काय? उद्या सकाळी गोदामातले सगळे बाहेर काढायचे." काढले. त्यांचं काय केलं ते विचारू नका, पण गाडीला परत लागले नाहीत.

मग ऑल-सीझन. रेघ, इंदूची आरोळी, ब्रेक. गाडीचं नाक खाली वाकलं आणि ती थांबली. मी चालत गेले, मोजत. ऑल-टेरेनच्या खुणेच्या चार पावलं अलीकडे. पुन्हा केलं, चार पावलं. पुन्हा. चार पावलं म्हणजे काय, ते कुणाला सांगावं लागत नव्हतं. चार पावलं म्हणजे पुढच्या टेम्पोचा मागचा फाळका.

तिसऱ्या वेळी इंदू ओरडली नाही. प्रकाशने आपणहून दाबला.

आता खरं ते सांगते, कारण लोक अजून विचारतात, "मावशी, सगळ्यात बेस्ट कुठला?" ऑल-सीझन सगळीकडे बेस्ट नाही. त्या चिरा उन्हाळ्यात तापल्या डांबरावर लवकर झिजतात. चिखलात तो रुतून बसतो, हिराबाईंना दिला तर त्या मला मासळीच्या पाटीने मारतील. आवाज मात्र करत नाही, आणि ओल्यावर थांबतो. तुम्ही कुठे जाता ते आधी सांगा. टॉवरमधून शाळेत आणि शाळेतून टॉवरमध्ये जाणारे साहेब माझ्याकडे डोंगर चढायचे टायर मागायला येतात. मी विचारते, "डोंगर कुठला, मलबार हिल?" काही चिडतात आणि मॉलमधल्या शोरूममध्ये जातात. तिथे वातानुकूलित आहे, कॉफी देतात, वाकायला लागत नाही. जावोत. "बारमाही"ची पाटी मी त्याच आठवड्यात उतरवली. नवी लावली नाही. लोकांना तोंडाने सांगते, वेळ लागतो, पण सांगते.

त्या दिवशी शिवडीला पोळ्या खाल्ल्या. इंदू खडूच्या खुणांमधून चालून आली, एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर, दोनदा. मग म्हणाली, "गणपतीक जाऊंदे तो." मी खडू पिशवीत टाकला. "पण पयल्या फेरीक तू फुडे बसतलंस. मी नाय. तू."

गणपतीआधीचा आठवडा म्हणजे आमच्या दुकानाची दिवाळी. अख्खं कोकण मुंबईतून गावी निघतं आणि जाताना टायर बदलतं. तीस वर्षांत मी त्या आठवड्यात एक दिवस दुकान सोडलं नव्हतं. यादवला म्हटलं, "सांभाळ." आणि निघाले.

खाली ऑल-सीझन, मागे दोन कुटुंबं, मध्ये मखराचं सामान, टपावर ताडपत्रीखाली पिशव्या. पनवेल सोडलं तसा जो पाऊस लागला तो सुटेना. सगळे झोपले. मी आणि प्रकाश दोघेच जागे. घाट लागला. त्या वळणाशी आलो तेव्हा त्याने मला सांगितलं नाही की हेच ते, पण हात स्टिअरिंगवर घट्ट झाले तेव्हा कळलं. आणि वळण घेऊन बघतो तर पुढे ट्रक, लाल दिवे, उभा.

प्रकाशने ब्रेक दाबला. पुरा.

गाडी थांबली. ट्रकच्या मागे लिहिलेलं सगळं मला नीट वाचता येईल एवढ्या अंतरावर. मागे एक मुलगी जागी झाली, "काय झालं?" प्रकाश म्हणाला, "काही नाही, झोप." ती झोपली. ट्रक हलला, आम्ही हललो.

घाट उतरल्यावर चहाच्या टपरीशी गाडी उभी केली. मी मोबाइल काढला. इंदूने पहिल्या घंटीला उचलला.

"काय झाला?"

"काही नाही. घाट उतरलो."

"मगे फोन कित्याक केलंस?"

"काही झालं नाही, तेच सांगायला."

पलीकडे तिने लाटणं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरा," ती म्हणाली. "तेका भूक लागली असतली. कायतरी खावक घाल."